मान्यता, तरतूद आणि अडकलेले देयक

सरकारी कंत्राटांविषयी बोलताना ‘कामाला मंजुरी मिळाली’ आणि ‘कामाला पैसे मिळाले’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो आणि पुढचा बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करावे असा शासनाचा निर्णय, तर तांत्रिक मंजुरी म्हणजे आराखडा व अंदाजपत्रक योग्य असल्याचा सक्षम अभियंत्याचा निर्वाळा. या दोहोंनी तिजोरीतला एक रुपयाही हलत नाही. राज्यघटनेच्या कलम 204 प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीतून रक्कम काढण्यासाठी विधिमंडळाने केलेला विनियोजनाचा कायदा लागतो, आणि तो त्या आर्थिक वर्षापुरता असतो. 31 मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. रस्ता मात्र अर्धाच झालेला असतो.

समजा, 10 कोटींच्या रस्त्याचा कार्यारंभ आदेश निघाला, पण त्या वर्षी तरतूद झाली 1 कोटीची. कंत्राटदाराने मार्चअखेर 4 कोटींचे काम केले. मोजमाप पुस्तिकेत नोंदी झाल्या, देयक तयार झाले, परंतु लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या कामाच्या खात्यावर, शिल्लकच नसल्यामुळे ते पुरवणी मागणीची (वर्षाच्या मध्ये विधिमंडळाकडे मागितलेल्या जादा तरतुदीची) किंवा पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहत पडून राहते. ‘तुमचे देणे आम्ही नाकारत नाही’ असे कार्यालय सांगते, आणि ते खरेही असते. पण खडीवाला आणि बँक या उत्तरावर थांबत नाहीत. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार त्या वर्षीच्या खर्चापुरता निधी उपलब्ध झाल्याखेरीज काम सुरू करता येत नाही आणि दायित्वही स्वीकारता येत नाही. नियम स्वच्छ आहे. मात्र वर्षाचा खर्च किती धरायचा हे कागदावरच ठरत असल्याने, नाममात्र तरतूद करून नियमाचे अक्षर पाळता येते, असे माझे मत आहे.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने हा प्रश्न कंत्राटातच आणला आहे. तिथल्या अँटिडेफिशियन्सी ॲक्टनुसार उपलब्ध निधीपलीकडे सरकारला बांधून घेणाऱ्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते आणि जाणूनबुजून तसे केल्यास तो गुन्हा ठरतो. म्हणून झालेला खर्च भरून देण्याच्या ज्या कंत्राटांना निधी टप्प्याटप्प्याने मिळतो, त्यांत निधीमर्यादेचे एक कलम असते. पुढच्या 60 दिवसांत एकूण खर्च वाटप झालेल्या रकमेच्या 75 टक्क्यांवर जाईल असे दिसताच कंत्राटदाराने लेखी कळवायचे असते. वाढीव निधी आला नाही, तर मर्यादेपुढचा खर्च देण्यास सरकार बांधील नसते, आणि काम पुढे नेण्यास कंत्राटदारही बांधील नसतो. आपली रस्त्यांची कामे बहुधा ठरलेल्या दरांची असल्याने हे कलम जसेच्या तसे इथे बसणार नाही. पण मर्यादेचा आकडा दोन्ही पक्षांसमोर असावा, एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे तो आकडा, म्हणजे त्या वर्षाची तरतूद, अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत असतो, आणि ती सर्वांसाठी खुली असतात. निविदा भरण्याआधी ती उघडून पाहणारे कंत्राटदार मला आजवर फार थोडे भेटले.