सफरचंदाचा घरगुती सॉस

श्रोतेहो, नमस्कार.

सफरचंदाचा सॉस म्हणजे शिजवून मऊ केलेला सफरचंदाचा गर. कृती सोपी आहे. मात्र पाणी आणि साखर घालताना हात आखडता घ्यावा लागतो.

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणीच असते आणि मंद आचेवर, झाकणाखाली, ते आपोआप सुटू लागते. त्यामुळे एक किलो फोडींना अर्धी वाटी पाणी पुरते, तेही फोडी तळाला लागू नयेत एवढ्यासाठीच. पहिल्यांदा हा सॉस करताना मी फोडी बुडतील इतके पाणी ओतले होते. पुढे ते आटवता आटवता फळाचा ताजा वासच उडून गेला.

फळ करकरीतच हवे असे नाही. नुसते खायला नकोसे वाटणारे पिठूळ सफरचंद इथे चांगले उपयोगी पडते, कारण ते लवकर विरघळते. मॅकिन्टॉशसारखी मऊ पडणारी जात आणि ग्रॅनी स्मिथसारखी आंबट जात एकत्र घेतली, तर चव एकसुरी होत नाही. मार लागलेला भाग कापून टाकावा. पण बुरशी धरलेले किंवा सडलेले फळ सरळ फेकून द्यावे, कारण बुरशीचे विष बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या भागातही उतरलेले असू शकते.

बिया आणि मधला कडक भाग काढावा, साल मात्र राहू द्यावी. सालीत आणि सालीलगत पेक्टिन भरपूर असते, त्याने सॉसला दाटपणा येतो, आणि साल लाल असेल तर सॉसवर फिकट गुलाबी छटा चढते. वीस-पंचवीस मिनिटांत फोडी चमच्याने दाबताच मोडू लागल्या, की त्या पुरणयंत्रातून काढाव्यात. साली वर राहतात आणि गर खाली उतरतो. मिक्सरमधून काढलेला सॉस मला फार गुळगुळीत वाटतो, पण ही आवडीची बाब आहे.

साखर घालायची ती यानंतर, आणि चव पाहूनच. ती आधी घातली तर फोडी मऊ व्हायला वेळ लागतो. शिवाय शिजल्यावर फळाची स्वतःची गोडी किती, हे कळण्याआधीच आपण निर्णय करून बसतो. चमचाभर लिंबूरसाने चव उठून येते.

सॉस दाट वाटेपर्यंत पुन्हा आचेवर ठेवावा. तो रटरटू लागला की त्याचे शिंतोडे चांगलेच भाजतात, म्हणून झाकण अर्धे ठेवून लांब दांड्याच्या डावाने ढवळावे. थोडा सॉस थंड बशीत घालून पाहावा. कडेने पाणी सुटले नाही, म्हणजे तो झाला.

निवल्यावर स्वच्छ, कोरड्या बरणीत भरलेला हा सॉस फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. फ्रीझरमध्ये तो काही महिने राहतो, मात्र गोठताना तो फुगतो, म्हणून डबा वरून दोन बोटे रिकामा ठेवावा.