सेवेचा वेळ कोणाच्या वाट्याचा?

हिंजवडीहून शनिवारी सकाळी कंपनीच्या स्वयंसेवा उपक्रमात वृक्षारोपणासाठी निघणाऱ्या बसमध्ये एकसारखे टी-शर्ट घातलेली तरुण मंडळी दिसतात. त्यांतल्या काहींच्या मांडीवर लॅपटॉप उघडाच असतो, कारण सोमवारी द्यायचे काम अजून हातावेगळे झालेले नसते. टेकडीवर आधी हजेरी होते, मग फलकासमोर छायाचित्र, आणि त्यानंतर मजुरांनी आदल्या दिवशीच खणून ठेवलेल्या खड्ड्यांत रोपे लावली जातात.

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. मात्र कर्मचाऱ्यांच्या विनामूल्य सेवेचे पैशांत मोल करून ते या खर्चात धरता येणार नाही, असे केंद्र सरकारने 2021 मध्ये स्पष्ट केले. हा नियम रास्तच आहे. परंतु जो वेळ हिशेबात कोठेच येत नाही, तो कर्मचाऱ्याच्या सुट्टीतून कापून घेणे फार सोपे जाते.

सुट्टीच अशी कापली गेली की प्रश्न येतो बर्नआउटचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचत गेलेल्या ताणाचा परिणाम: सगळे त्राण संपणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील 46 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ताणमुक्तीचे वर्ग किंवा ध्यानाची अ‍ॅप वापरणारे इतरांपेक्षा बरे असल्याचे आढळले नाही. अपवाद दिसला तो स्वयंसेवेचा. मुळात समाधानी असलेली माणसेच अशा कामाकडे वळत असतील, ही शक्यता उरतेच. तरीही एखाद्या लेखापालाने छोट्या संस्थेच्या विस्कटलेल्या हिशेबवह्या काही महिने खपून मार्गी लावल्या, तर आपले कसब कोणाच्या तरी उपयोगी पडले, हे त्याला रोज डोळ्यांनी दिसते. छायाचित्रापुरत्या उपक्रमात ते दिसत नाही.

म्हणून स्वयंसेवेचा दिवस कामाच्या दिवसांतूनच दिला जावा, त्या दिवसाचे काम खरोखर कमी केले जावे, आणि जो येणार नाही त्याच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, या गैरहजेरीची नोंदही होऊ नये.