उत्तर आधी सांगू नका

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय पत्रिकेत छापलाय तो ‘तर्ककोडी एकत्र कशी सोडवावीत’. तिकडे मी येणारच आहे. पण आधी एक जुनं कोडं घालतो, कारण त्याशिवाय माझ्या म्हणण्याला टेकूच नाही.

तळ्यात होडी आहे. होडीत मोठा दगड. होडीतल्या माणसानं तो दगड उचलून तळ्यात टाकला आणि दगड तळाशी गेला. तळ्याचं पाणी चढेल, उतरेल, की तेवढंच राहील? थांबा, पुढच्या रांगेतून कुणी बोलू नका! आधी हात वर करा. चढेल म्हणणारे? बरेच आहेत. उतरेल? तेवढंच? छान, तीन तट पडले. आता शेजाऱ्याकडे बघा. तुमचा हात वर होता आणि त्याचा नव्हता, तर तो माणूस आज तुमच्या उपयोगाचा आहे.

हे कोडं मला नववीत घातलं गेलं. वर्गात नुसता गलका झाला. बाकावर बाक आपटत होते, मागची मुलं पुढच्यांशी भांडत होती. आणि तास संपायला पाच मिनिटं असताना सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘पातळी उतरते’. गलका विझला. आम्ही ते वहीत उतरवलं, पाठ केलं. का उतरते हे मला पुढं कितीतरी वर्षं धड सांगता येत नव्हतं. ती पाच मिनिटं आमच्याकडून काढून घेतली, याचं मला आजही वाईट वाटतं.

ती परत मिळाली वसतिगृहात. जुलैचा पाऊस, वीज गेलेली, आम्ही चौघं मेसमध्ये कंदिलाभोवती. मी ऐटीत म्हणालो, ‘पातळी उतरते.’ एकानं विचारलं, ‘का?’ माझी बोबडी वळली. दुसरा आर्किमिडीजचं नाव घेऊन ठासून सांगायला लागला की तेवढीच राहणार. दगड आधीही तळ्यातच होता, नंतरही तळ्यातच आहे. तासभर हेच. शेवटी भांडी आवरणाऱ्या मावशी ओला हात पदराला पुसत म्हणाल्या, ‘अरे, दगड काढला की होडी वर उचलणार, म्हणजे पाणी खाली जाणार. दगड बुडला की पाणी वर येणार. दोन्ही होणार. जास्त कुठलं, ते बघा की!’

मंडळी, अख्खं कोडं त्या एका प्रश्नात होतं, आणि आम्हा चौघांपैकी कुणीही तो विचारला नव्हता. मावशींनीच भाताचा टोप पाण्यानं भरून दिला. त्यात छोटं पातेलं तरंगवलं, पातेल्यात अंगणातला काळा दगड, मेसच्या तराजूवर सहाशे ग्रॅम भरलेला. टोपाच्या आत कोळशानं रेघ मारली. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट घन. पातेल्यात असताना तो आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, म्हणजे सहाशे मिलिलिटर. बुडाल्यावर फक्त आपल्या आकारमानाइतकं, म्हणजे दोनशे. चारशे मिलिलिटरचा फरक! दगड टोपात सोडला आणि पाणी रेघेच्या खाली अर्धा सेंटिमीटर गेलं. ‘तेवढंच’ म्हणणारा मित्र कंदील जवळ धरून ती रेघ कितीतरी वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘मी वजन आणि आकारमान एकच धरून चाललो होतो.’ आपली चूक नेमकी कुठल्या शब्दात दडली होती, हे त्यानं स्वतः शोधलं. माझं पाठ केलेलं उत्तर बरोबर होतं, पण त्या रात्री शिकला तो.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली म्हणे. तर तर्ककोडी.

तिथं अडचण ही की टोप नसतो. तीन दारं, एकामागे मोटार, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठं आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलता का? बदलावं, कारण जिंकण्याची शक्यता एकतृतीयांशावरून दोनतृतीयांश होते. 1990 साली मेरिलिन व्होस सॅव्हंट यांनी अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात हे लिहिलं, तर सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक ‘तुमचं चुकलं’ म्हणणारी, त्यात हजाराच्या आसपास डॉक्टरेटवाल्यांची. पाचशेहून अधिक जणांबरोबर गणित केलेला पॉल एर्डिश, त्यालाही युक्तिवाद पटेना. संगणकावर डाव खेळून दाखवले तेव्हा कुठं तो नमला.

म्हणजे तर्कातही टोप आणावा लागतो. घरी तीन पत्ते घ्या, त्यात एक एक्का. एकानं सूत्रधार व्हायचं, दुसऱ्यानं तीस डाव दर वेळी पत्ता बदलून खेळायचं. साधारण वीसदा एक्का येईल. मग सूत्रधारानं न बघता पत्ता उघडावा, एक्काच उघडला तर तो डाव सोडून द्यावा. आता बदलून काही फायदा नाही, निम्मे-निम्मे! सगळं भांडण ‘ठाऊक असलेला’ या दोन शब्दांवर आहे, आणि एकट्यानं वाचताना ते हमखास निसटतात.

एकत्र बसाल तेव्हा दोनच गोष्टी करा. बोलण्याआधी प्रत्येकानं आपलं उत्तर कागदावर लिहा. आणि समोरच्याचं म्हणणं, तो ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत, आपल्या तोंडानं मांडून दाखवा, मगच खोडा.

घंटा झाली. जाता जाता एक. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा तुकडा तरंगतोय, त्याच्या पोटात छोटा खडा गोठलेला आहे. बर्फ वितळला. पाणी सांडेल, उतरेल, की काठाशीच राहील? लिहा आधी. मला विचारू नका, मघाशी ज्याचा हात तुमच्याविरुद्ध होता त्याला गाठा.