पैसे कुठे गेले, हे नंतर कोण सांगतं?

मंडळी, नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या वर्गणीच्या टेबलापाशी एका लहान मुलीनं खजिनदारांना विचारलं, "काका, पैसे कुठे गेले, हे नंतर कोण सांगतं?" काका म्हणाले, "वार्षिक सभेत सांगतो." त्या सभेत अहवाल वाचताना समोर किती जण बसलेले असतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

निधी जमवणं म्हणजे मागणं, असं आपण धरून चालतो. खरी मेहनत मागण्याच्या आधी आणि नंतर असते. साताऱ्याकडच्या माणच्या शाळेला मदत करा म्हटलं, की लोक पन्नास डॉलर देऊन मोकळे होतात. तेच दोन वर्गांचे पत्रे बदलायचेत, पत्र्याला इतके, लोखंडी सांगाड्याला इतके, मजुरी इतकी आणि काम पावसाळ्याआधी संपायला हवं, असं मांडा. समोरचा लगेच विचारतो, एका वर्गाला किती लागतील? बोलणं तिथून पुढे सरकतं. त्यासाठी गावाकडून आधी तीन दरपत्रकं मागवायची आणि मुख्याध्यापकांशी बोलून खात्री करायची.

मग पावत्या. स्नेहभोजनाचं तिकीट शंभर डॉलरचं असेल आणि जेवण चाळीसचं, तर करसवलतीसाठी देणगी साठचीच. ७५ डॉलरपेक्षा जास्त घेऊन बदल्यात काही दिलं, तर हा हिशेब लेखी कळवणं मंडळाला बंधनकारक आहे. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला नुसती चेकची नोंद चालत नाही, मंडळाची लेखी पोच लागते, तीही कराचं विवरणपत्र भरण्याआधी. ही पोच आठवडाभरात गेली पाहिजे. आपल्याकडे ती एप्रिलमध्ये शोधली जाते.

भारतातल्या बाजूला तर जास्तच जपावं लागतं. मंडळाचा पैसा तिथे परदेशी देणगी ठरतो. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवी. पुण्यातल्या मोठ्या संस्थेला पाठवू, ती पुढे खटावच्या शाळेला देईल, हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीनं बंद झाला. चार जणांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून पाठवायचा उद्योग तर कुणी करूच नये. पावती कुणालाच मिळत नाही आणि अडचणीत येते ती गावातली संस्था.

आपण कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या मुलखातली माणसं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींनी वसतिगृहातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, हे इथे कुणाला सांगायला नको. तरीही "माझा पैसा मुलांनाच जाऊ दे, ऑफिसखर्चाला नको" हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. हिशेब लिहिणाऱ्याला पगार नको, मग त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिणार कोण? परदेशी देणगीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चावर एफसीआरएनं आधीच २० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तेवढं तरी आनंदानं द्या.

आणखी एक सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीच्या इर्विन पुलाचं पाणी टीव्हीवर दिसत होतं तोवर सगळ्यांचे हात खिशात जात होते. घरातला गाळ उपसायची, पोरांना नवी दप्तरं घ्यायची वेळ येते, तेव्हा बातमी संपलेली असते. म्हणून महिन्याला वीस डॉलर देणारे दहा जण मला एकदाच मिळालेल्या मोठ्या चेकपेक्षा मोलाचे वाटतात. पत्रे बसल्यावर फोटो, बिलाची प्रत आणि उरलेली रक्कम त्यांना कळवा. न मागता फोन येतो, "पुढचं काय काढलंय?" या कामात त्याहून मोठं सुख मला माहीत नाही.

काळजी वेगळीच आहे. आपल्या नियमित देणगीदारांत साठीच्या आतली नावं फार थोडी. मुलांच्या लेखी कोरेगाव, तासगाव म्हणजे आजोबांचं घर, आणि ती घरंही एकेक करून विकली जाताहेत. नंतर ही मुलं तिकडच्या शाळेला का देतील, यावर कार्यकारिणीत बोलणं झालं, उत्तर निघालं नाही. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मात्र याच यादीवर बेतलं आहे.