मे महिन्यातला मांडो

(दृश्य: पहाट. काजूच्या झाडांखाली गळून पडलेली लाल-पिवळी बोंडं. दुरून व्हायोलिन.)

काजूचं बोंड झाडावरून तोडायचं नसतं. पिकून आपोआप खाली पडलं की उचलायचं, बी पिरगाळून वेगळी करायची आणि बोंड टोपलीत टाकायचं. गोव्याच्या डोंगरांवर मार्चपासून मेपर्यंत हेच चालू असतं. ऊन चढायच्या आत टोपली भरायला हवी, नंतर त्या उतारावर उभं राहवत नाही.

आम्ही आलोय एका गाण्यासाठी. प्रेमाच्या गाण्यासाठी, गोव्याच्या मांडोसाठी. पण उन्हाळ्यातलं गाणं ऐकायचं, तर वाट भट्टीवरूनच जाते.

(दृश्य: दगडात कोरलेली कुंडी, बोंडं तुडवणारे पाय.)

बोंडं पायांनी तुडवतात. चोथ्याचा ढीग रचून त्यावर वजन ठेवलं की आतून जो रस थेंबथेंब निथळतो, तो निरो. ताजा निरो दुपारी थंडगार प्यावा, त्याला तोड नाही. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबतो, बाहेरचं यीस्ट न घालता. मग तो भट्टीवर चढतो. पहिल्या वाफेतून उतरतो तो हुर्राक. हुर्राकमध्ये आंबलेला रस घालून तो दुसऱ्यांदा गाळला की फेणी.

फेणीचं नाव मोठं. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती कडक, चाळीस टक्क्यांच्या वरची, वर्षानुवर्षं टिकणारी. हुर्राक साधारण पंधरा टक्क्यांचा, हलका, आणि हंगामापुरता. माझा जीव मात्र हुर्राकवर आहे. उंच ग्लासात बर्फ, लिंबू-सोडा किंवा लिम्का, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली एक हिरवी मिरची. सोबत चेपणीचं तोर. म्हणजे मिठाच्या पाण्यात वजनाखाली दाबून ठेवलेली कोवळी कैरी. सुरकुतलेली, आतपर्यंत खारावलेली. एक चावा घ्यायचा आणि वर एक घोट. बोंडाचा तो तुरट, थोडा उग्र वास आधी नाकात येतो, मग जिभेवर.

(दृश्य: दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतलं जुनं घर. शिंपल्यांच्या खिडक्यांतून येणारा दुधी उजेड.)

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो इथे आणला. व्हायोलिनही त्यांच्याबरोबरच आलं, चर्चच्या वाटेने. चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी वाचायला आणि गज धरायला शिकवत. एकोणिसाव्या शतकात सासष्टीत, कुडतरी-लोटलीसारख्या गावांतल्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत यातूनच मांडो घडला. सुरावट पाश्चात्त्य वळणाची, शब्द कोंकणी, लय संथ. साथीला व्हायोलिन आणि घुमट.

घुमट जरा जवळून पाहा. मातीचं मडकं, दोन्हीकडे तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडावर झाकायचा, उघडायचा. आवाज दबतो, फुगतो, श्वास घेतल्यासारखा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचं आलं. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. हेच घुमट चवथीला गणपतीसमोर मराठी आरत्यांनाही घुमतं.

(दृश्य: दोन रांगा. बायकांचा मखमली पोशाख, पानो-बाजू, हातात पंखे.)

मांडोत पुरुषांची एक रांग, बायकांची समोर दुसरी. घसरती, छोटी पावलं. जवळ यायचं, मागे सरायचं. पंखा अर्धा चेहरा झाकतो. गाण्यांचे विषयही ठरलेले: भेटीची ओढ, एकवट म्हणजे मीलन, आणि विलाप. एक अख्खी प्रेमकादंबरी या तीन शब्दांत मावते.

ती कादंबरी मला लिहायला मिळाली, तर नायकाला मी रांगेत उभा करणार नाही. त्याला कोपऱ्यात, हनुवटीखाली व्हायोलिन धरून बसवेन. कारण वाजवणाऱ्याला नाचता येत नाही. ती समोर नाचते, दुसऱ्याच कुणासमोर, आणि तिची पावलं मात्र याच्या गजावर पडतात.

हा नायक मुंबईहून आलेला असेल. धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, ट्रंका ठेवून गोव्याचे कितीतरी वादक राहिले. हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवत राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. वडील चर्चमधले संगीतशिक्षक. मुलगा मुंबईत व्हायोलिनवादक आणि संयोजक झाला, रागदारी आणि सिंफनी एकत्र आणण्याचा ध्यास घेतला, आणि त्यांच्या हाताखाली संगीतकार प्यारेलाल शिकले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे हे नाव देशभर झालं. नावामागच्या माणसाची ओळख मात्र फार थोड्यांना झाली, ही गोष्ट मला आजही लागते.

(दृश्य: लग्नघर, मांडव, चुलीवरची मोठी भांडी.)

मे महिन्यात मुंबईकर गावी परतत. उपासकाळात लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला की मांडव पडू लागतात. घरात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, आधीच शिजवून ठेवलेलं असतं. व्हिनेगर मांसात मुरायला वेळ लागतो आणि तिसऱ्या दिवशीची चव पहिल्या दिवशी येत नाही. बरोबर सान्नां, तांदळाची, इडलीसारखी, माडाच्या सुरेने फुगवलेली, पांढरीशुभ्र. चणाडाळ आणि खोबऱ्याची मिठाई, दोस, ढवळताना हात भरून येतात, म्हणून बायका आळीपाळीने ढवळतात. रात्री मांडो संपतो आणि त्याला लागूनच दुल्पद सुरू होतं. लय धावते, पोरं ओरडतात, मघाचा विलाप कुणाला आठवत नाही.

आणि मग आभाळ भरून येतं.

(दृश्य: काळवंडलेला समुद्र. रिकामा धक्का.)

भाऊच्या धक्क्याहून पणजीला येणारी बोट पावसाळ्यात बंद असायची. म्हणजे परतायचं तर पावसाच्या आत. भट्ट्याही त्याच सुमारास विझतात. तोर्कात दे फिगेरेदो यांचा ‘आदेउस कोरचो वेळु पावलो’, म्हणजे ‘निरोपाची वेळ आली’, हा मांडो गोव्यात आजही समारंभाच्या शेवटी गातात. शंभर माणसं एका सुरात गातात, आणि व्हायोलिनवाला मान वर करत नाही.

(दृश्य: भट्टी. शेवटचा जाळ.)

पहिली सर आली. भट्टीवरच्या माणसाने उरलेला हुर्राक आंबलेल्या रसात ओतला आणि मडक्याचं तोंड मातीने लिंपलं. आता याची फेणी होईल.