तीनच गोष्टी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर जेवण आहे, म्हणजे खरं तर दहाच. मसालेभाताचा वास मलाही येतोय.

विषय आहे वडिलांच्या आठवणी. माझे बाबा गेल्या श्रावणात गेले, तेव्हा समितीचं म्हणणं पडलं की याचं ताजं आहे, यालाच बोलू द्या. मीही लगेच हो म्हणालो. भाषण तयारच होतं. मंगळवारी ते मोडलं.

मंगळवारी आमच्याकडे पाहुणे होते. जेवणं झाली, बडीशेप फिरली आणि मी नेहमीप्रमाणे पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरावर आलो. १२ जुलै १९६१, बाबा सतरा वर्षांचे, नारायण पेठेतला वाडा, पाणी चढतंय... मी श्वास घ्यायला थांबलो, तेवढ्यात आमची बारा वर्षांची लेक म्हणाली, "अँड देन आजोबा शिवणयंत्र डोक्यावर घेऊन जिना चढले."

पाहुणे हसले, मीही हसलो. ते गेल्यावर लेक भांडी पुसता पुसता शांतपणे म्हणते, "बाबा, तुझ्याकडे आजोबांच्या तीनच गोष्टी आहेत. पूर, स्कूटर आणि एअरपोर्ट."

मी चिडलो. 'तुला काय माहीत' इथून जो सुरू झालो, तो 'आम्ही कोणासाठी इथे आलो' इथपर्यंत पोचलो. बायकोने ओट्यापाशी उभं राहून नुसतं बघितलं, तेव्हा थांबलो. रात्री अंथरुणात पडून मोजल्या. तीनच.

ती आत्ता मागच्या रांगेत बसली आहे. बोटं मोजत असेल.

स्कूटरची तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरीही तीच आहे. १९७४ साली मी पोटात असताना बाबांनी चेतकचा नंबर लावला. मी नऊ महिन्यांत आलो, चेतक नऊ वर्षांनी. मी पुढे उभा, ताई मध्ये, आई मागे आडवी बसलेली, आणि सिग्नलला बंद पडली की सगळ्यांनी उतरायचं, बाबा ती तिरकी करणार, पुन्हा चढायचं. एअरपोर्टची तर त्याहून नको. सहारच्या दारात बाबा म्हणाले, "पासपोर्ट वरच्या खिशात ठेवलास ना?" बस. वळून टॅक्सीकडे गेले. या हॉलमध्ये असा एक तरी आहे का, ज्याच्या वडिलांनी दुसरं काही म्हटलं?

पण लेकीने नंतर जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. बुधवारी सकाळी डबा भरताना तिने विचारलं, "जिना चढले, मग काय झालं?"

मंडळी, माझी गोष्ट जिन्यावरच संपते. पन्नास वर्षांत मी बाबांना कधी वर माडीवर पोचू दिलं नाही. त्या रात्री झोपले कुठे, खाल्लं काय? खाली खडकवासला धरणही फुटलं होतं, म्हणजे बुडालेल्या गावातले नळ कोरडे, मग पाणी कुठून भरलं? मी विचारलंच नाही. कारण डोक्यावर शिवणयंत्र घेतलेला माणूस गोष्टीला पुरेसा होता.

म्हणून रविवारी आईला विचारलं. ती म्हणाली, सासूबाई सांगायच्या त्यावरून, काही दिवस एका शाळेत, मग गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत. वाडा पडला तो पडलाच. कॉलेजही तिथेच राहिलं.

"आणि मशीन?"

"ते त्याच दिवाळीत विकलं की. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. पन्नास वर्षं मी ते यंत्र वाचवतोय.

लेकीला मोठ्या उत्साहाने सांगितलं, बघ, मिळाली चौथी. ती म्हणाली, ही पहिलीचाच उरलेला भाग आहे. वकील होणार बहुतेक.

आता थोडं तुम्हाला बोलतो, रागावू नका. मीही त्यातच आहे. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत श्रद्धांजलीची दोन पानं आहेत. 'कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल.' माझ्या बाबांचा मजकूर मीच पाठवला होता. काल काढून वाचला, आणि फोटो झाकले तर कोण कोणाचे वडील ते मला सांगता येईना. गणपतीत आपण एकशेएक मोदकांचा हिशेब चोख ठेवतो. पाच मानाचे गणपती क्रमाने म्हणणारी पोरं तयार केली, छान केलं. पण आपले वडील फॅक्टरीत नेमकं काय काम करायचे, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं होते. मी सगळ्यांना 'फॅक्टरीत होते' म्हणून सांगतो. सकाळी सायकल किंवा स्कूटर बाहेर पडायची आणि संध्याकाळी परत यायची, एवढंच मला माहीत आहे.

बोलत नव्हतो असं नाही. दर रविवारी फोन. आपले सकाळचे नऊ, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात इथलं घड्याळ एक तास मागे गेलं की बाबा दरवर्षी विचारायचे, "तुमच्या सरकारला दुसरे उद्योग नाहीत का?" मग हवा, मग जेवलात का, मग गोळ्या घेतल्या का. आणि मग ते वाक्य.

"थांब, आईला देतो."

(इथे बरेच जण हसले. काही जणांनी वाक्य माझ्याबरोबरच म्हटलं. – सं.)

मला वाटायचं, यांना बोलायला आवडत नाही. आता वाटतं, मी काही विचारतच नव्हतो, तर बिचारे बोलणार काय?

लेकीचा पुढचा प्रश्न होता, आजोबांना काय आवडायचं? मी फाडकन म्हणालो, बटाटेवडा. पगाराच्या दिवशी हमखास आणायचे, तेलाचे डाग पडलेला कागदाचा पुडा, वर सुटी लसणाची चटणी. आईला सांगितलं तर ती फोनवर खूप वेळ हसली. "बटाटेवडा तुला आवडायचा. त्यांना तेलकटाने घसा धरायचा. त्यांना आवडायची शेपू. पण तुम्ही दोघं वासानेच नाकं मुरडायचात, म्हणून ते म्हणाले, नको करूस."

किती वर्षं? "तू गेलास तोवर," ती म्हणाली. "मग केली. दर बुधवारी."

मी शेपू अजूनही खात नाही. या बुधवारी केली, खाल्ली, वाईटच लागते.

एक शेवटचं सांगतो, मग जेवू. दिवस झाल्यावर माळ्यावरून बाबांच्या डायऱ्या काढल्या. विम्याच्या एजंटने दर वर्षी दिलेल्या, रेक्झिनच्या. आत फक्त हिशेब. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. दूध, दळण, चि. वह्या, चि. फी, सौ. चष्मा, क्लच केबल, भिशी. सगळ्याला नाव आहे, अगदी चपलेच्या अंगठ्यालासुद्धा. आणि प्रत्येक महिन्यात एक ओळ, 'स्वतः'. पुढे कधी ३ रुपये, कधी ५. गणपतीच्या महिन्यात १०. कशाचे, ते कुठेही लिहिलेलं नाही.

मी त्या वेळी डायऱ्या मिटून परत माळ्यावर टाकल्या होत्या. परवा लेकीला सांगितलं, तेव्हा ती डबा तसाच ठेवून बसली. सिनेमा? तंबाखू? उसाचा रस? कोणाला तरी द्यायचे? दोन दिवस तिचं तेच चालू आहे. मी म्हटलं, आजीला विचारू. मला वाटलं होतं, इथे तरी चौथी मिळेल.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी कधी विचारलं नाही रे. हिशेब तर जुळत होता."