आजारी टाकी, जिवंत रोपं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे पावसाळा लागला की काचेच्या टाकीतले मासे हमखास आजारी पडतात. दोन दिवस उकाडा, मग रात्रभर कोसळणारा पाऊस, आणि वीज गेली की फिल्टरही बंद. पाण्याचं तापमान असं खालीवर झालं की मासे अशक्त होतात आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासे दगावले की बरेच जण वैतागून रोपांसकट सगळं उपटून टाकतात. तसं करू नका. आधी रोग कोणता होता ते ओळखा, कारण सफाई त्यावरच ठरते.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला औषधाइतकाच उपयोग संयमाचा होतो. हा परजीवी माशाशिवाय जगू शकत नाही. अंगावरून सुटून तो खडीवर, पानांवर चिकटतो, तिथे त्याची असंख्य पिल्लं होतात, आणि त्यांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पाणी जितकं उबदार, तितकं हे चक्र वेगानं फिरतं. म्हणून टाकीत एकही मासा न ठेवता २८ अंशांच्या आसपास पाणी राखा आणि दिवा, फिल्टर चालू ठेवा. आठवड्यात काम होतं. मी तरी दहा दिवस थांबायला सांगते. रोपांना काही करावं लागत नाही.

जिवाणूंचा रोग असेल, म्हणजे शेपटी कुजणं, तोंडाशी कापसासारखा थर, तर मात्र रोपं धुवावी लागतात. १० लिटर पाण्यात ०.१ ग्रॅम, म्हणजे अगदी मोजके कण, पोटॅशियम परमँगनेट घाला. पाणी गुलाबी-जांभळं होईल. त्यात रोपं दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून घ्या. पाणी तपकिरी झालं तर औषधाचा जोर संपला, नवं करा.

ब्लीच त्याहून कडक. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी वीस भाग. अनुबियास किंवा जावा फर्नसारखी जाड पानांची रोपं त्यात दोन मिनिटं तग धरतात. घड्याळ समोर ठेवा, अंदाजानं मोजू नका. कबोंबा, हायड्रिला, मॉस यांना हा मार्ग नकोच. त्यांची नाजूक पानं बघता बघता पांढुरकी पडतात. बाहेर काढलेलं रोप लगेच क्लोरीन मारणारं औषध घातलेल्या पाण्यात बुडवा. मासे विकणाऱ्या दुकानात हे मिळतं. नाकाला ब्लीचचा वास येत असेल तोवर धुणं थांबवू नका.

टाकी, जाळी, नळी, खडी यांना ब्लीचचं तेच पाणी अर्धा-एक तास लावून ठेवा, खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. भर पावसात ऊन कुठलं, मग पंख्याखाली सुकवा, पण पूर्ण कोरडं होऊ द्या. साबण, डिटर्जंट वापरू नका. त्याचा थर राहतो. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवून काम करा, मुलांना दूर ठेवा. लाकडाचा ओंडका ब्लीच शोषून घेतो, त्यामुळे तो उकळा किंवा सोडून द्या.

मासे हळूहळू रोडावले, पाठ वाकडी झाली, अंगावर जखमा झाल्या, तर माशांच्या क्षयाची शंका घ्या. हा जिवाणू हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरतो आणि ब्लीचलाही सहज दाद देत नाही. तिथे रोपांचा मोह सोडा, रबरी हातमोजे घाला. हातावर न भरणारी गाठ आली तर डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगा.

फिल्टरचा स्पंज ब्लीचनं धुतलात की त्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. ते पुन्हा रुजायला चारेक आठवडे लागतात, तोवर अमोनिया वाढतो. चवथीआधी टाकी सजवायची घाई झाली तरी आधी एक-दोन काटक मासेच सोडा.

टाकीतलं जुनं पाणी व्हाळात, खाजनात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आजारी मासेही तिथे सोडू नका. ब्लीचचं पाणी क्लोरीन मारून, भरपूर पाणी मिसळून, संडासात ओता. उपटलेली रोपं पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाका.